फिकस, फिल्का, फुंकणी

कामाक्षीवैनी मुरुक्कू करायला बसते, तेव्हा ते काम बघत बसावंसं वाटतं. पीठ ती एकदाच मळते. पुन्हा पाणी लावायची वेळ येत नाही. पितळी साच्यात गोळा भरते, वरची नळी दोन्ही तळहातांनी दाबते आणि जोर खांद्यातून येऊ देते. मनगटाला तोशीस नाही, कारण मनगट लवकर दमतं. मी पोन्मलैच्या रेल्वे कारखान्यात फिटर होतो. कोण कुठून जोर लावतो ते मला आधी दिसतं. वैनीचा जोर वाया जात नाही. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे.

मुरुक्कू म्हणजे तुमची चकली, असं धरून चाला. तो साचा, म्हणजे नळीत सरकणारी नळी, त्याला आमच्या घरी फिकस म्हणतात. घट्ट झाकणाच्या हिंगाच्या डबीला फिल्का. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे शब्द ठाऊक नसतील. ठाऊक असायचं कारणही नाही, कारण ते मराठी नाहीत. हे वैनीला गेल्या दिवाळीच्या आधी कळलं. त्यानंतर तिनं मराठी बोलणं सोडलं.

वैनी माझ्या थोरल्या भावाची, सेतुरामची बायको. त्याला मी अण्णा म्हणायचो. अण्णा जाऊन काही वर्षं झाली. तंजावुरात मेलवीथीच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढच्या भागात वैनी, मागच्या दोन खोल्यांत मी. तिची मुलगी नित्या कुंभकोणमला शाळेत शिकवते. नित्याची मुलगी सौम्या चेन्नईत नोकरी करते. सौम्याचं लग्न पुण्यात ठरलं, आणि तिथून हे सगळं निघालं.

पण आधी साठ वर्षं मागं जायला हवं.

वैनीचं माहेर पापनाशमजवळच्या एका खेड्यात. कालव्याच्या कडेला थोडी भातशेती, नारळाची झाडं. त्या गावात मराठी बोलणारं घर एकच, तिचं. शेजारी सगळे तमिळ. त्यामुळे तिच्या बोलण्यात मराठीच्या ताटात तमिळ भाज्या बऱ्याच. लग्न होऊन ती आमच्याकडे आली, तेव्हा आमची आई हिराबाई जिवंत होती. आईचा नियम होता: उंबऱ्याच्या आत मराठी. वैनीनं एखाद्या भांड्याला तमिळ नाव घेतलं की आई विचारायची, "त्याला आपल्यात नाव नाही का?" रागानं नाही. पण रोज.

वैनीनं ते मनाला लावून घेतलं. खेड्यातलं आपलं बोलणं अशुद्ध, तंजावूरचं शुद्ध, असा तिचा पक्का समज झाला. मराठा राजांचं गाव हे. इथली मराठी ती खरी. ती ऐकून ऐकून शिकू लागली. आई वर्षभरातच गेली. मग ऐकायला उरला अण्णा, आणि अण्णा कमी बोलायचा.

तिच्या सामानात एक लोखंडी फुंकणी होती. माहेरी चूल होती, आमच्याकडे तेव्हाच रॉकेलचा स्टोव्ह आला होता. फुंकणी कोपऱ्यात पडून राहिली. अण्णानं एकदा ती उचलून पाहिली, नाव विचारलं. वैनीनं लाजत सांगितलं. खेड्यातली वस्तू, खेड्यातला शब्द. मागच्या अंगणात विहीर होती. वैनी पाणी भरून आणायची आणि घागर कधी नुसत्या जमिनीवर ठेवायची नाही. गोल बुडाची घागर डगमगते. जुन्या कापडाची पट्टी पिळून ती गोल कडं करायची, चुंबळ, आणि घागर त्यावर बसवायची. शेपूट आत खोचायची, म्हणजे ते सुटत नाही. अण्णा तिण्णैवर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, बसून हे बघायचा. बघायचा एवढंच मला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नव्हतं.

अण्णा फोटोच्या सामानाच्या दुकानात होता. विकायचा नाही. माल मागवायचा, उघडायचा, बांधायचा. काच बांधणं सोपं काम नाही. लोकांना वाटतं भुसा कोंबला की झालं. भुसा जास्त झाला तर दाब येतो, कमी झाला तर काच हलते. अण्णानं बांधलेली काच फुटल्याचं मी ऐकलं नाही.

माल मद्रासहून यायचा, आणि मागणी तारेनं जायची. तारेला शब्दागणिक पैसे. "पन्नास मिलिमीटरच्या भिंगापासून मोठ्या भिंगापर्यंत चालणारी, मागं-पुढं सरकणारी, उन्हाची तिरीप अडवणारी पत्र्याची नळी पाठवा" असं कोण लिहील? म्हणून जर्मन कंपनीनं आपल्या प्रत्येक वस्तूला पाच इंग्रजी अक्षरांचा एक शब्द ठरवून दिला होता. त्या नळीचं नाव फिकस. फिल्म ठेवायच्या पितळी डबीचं नाव फिल्का. तारेत एवढा एक शब्द घालायचा. मद्रासच्या माणसाला वस्तू कळायची, जर्मनीतल्यालाही कळायची. फिल्का हा शब्द फिल्मवरून निघाला असेल, असं अण्णाला वाटायचं. काही शब्दांना मात्र कसलंच मूळ सापडत नाही, म्हणायचा. ते नुसते आवाज. रिकामी भांडी. ज्यानं जे भरलं ते त्यात राहिलं.

पुढं कंपनीनं शब्द काढून टाकले आणि आकडे दिले. अण्णानं आकडेही पाठ केले, पण घरी त्यातला एकही कधी त्याच्या तोंडून आला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आकडा दुकानातच राहतो. शब्द पायाला चिकटून घरी येतो."

तसाच फिकस घरी आला. एका दिवाळीला वैनी साचा घेऊन बसली होती. अण्णा मदतीला बसला. नळीत नळी सरकताना त्यानं पाहिली आणि म्हणाला, "फिकस इकडे दे." थट्टा नव्हती. दुकानात दिवसभर तेच म्हणायचा, तसंच म्हणाला. वैनीनं साचा दिला. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला फिकस म्हणू लागली. फिल्काचंही तसंच. घट्ट झाकणाची डबी अण्णाच्या हाताला ओळखीची वाटली, नाव तोंडातून निघालं, वैनीनं ठेवून घेतलं.

मीही तेच म्हणू लागलो. दुकानातली खोकी मी पाहिली होती, त्यांवर हे शब्द छापलेले असायचे. मला वाटलं, वैनीलाही माहीत असणार. तिला माहीत आहे की नाही हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. कोणी भांड्याचं नाव घेतं तेव्हा आपण त्याचा जन्मदाखला मागत नाही.

वैनीनं नित्याला मराठी शिकवली, नंतर सौम्याला. आमच्या बऱ्याच घरांतल्या मुलांना मराठी समजते, बोलता येत नाही. देवनागरी तर फार थोड्यांना येते. वैनीच्या घरात मात्र आईचा नियम वैनीनं चालू ठेवला: उंबऱ्याच्या आत मराठी. सौम्या सुट्टीला आली की हट्टानं मराठी बोलायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बोलणं ऐकायचं तर कामाक्षीचं. वैनी मान डोलवायची नाही, पण तिला ते आवडायचं.

तर गेल्या वर्षी पुण्याची मंडळी आली. मुलाची आई कविताबाई, मोकळ्या स्वभावाची. आमच्या बोलण्यावर खूश. आमचे जुने शब्द ऐकून विचारायची, पुन्हा म्हणायला लावायची. वैनीनं कौतुकानं मुरुक्कू करायला घेतले. कविताबाई पदर खोचून शेजारी बसली. वैनी म्हणाली, "तो फिकस घ्या जरा."

कविताबाईनं इकडंतिकडं पाहिलं. वैनीनं साच्याकडे बोट केलं.

"ह्याला फिकस म्हणता तुम्ही? आम्ही सोऱ्या म्हणतो."

कविताबाईनं सौम्याला सांगितलं, हा जुना शब्द असणार, शोध गं. सौम्यानं फोनवर शोधलं. आणि फोनवर पत्र्याची काळी नळी आली, कॅमेऱ्याची, वर इंग्रजीत तोच शब्द. सौम्या हसत म्हणाली, "अज्जी, तू आम्हाला जर्मन शिकवलंस." सगळे हसले. वैनीही हसली. मी दारात होतो. हसताना तिचे हात थांबले होते. काम चालू असताना तिचे हात थांबलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

मंडळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनीनं मला कॉफी दिली आणि साखर पुरे का, ते तमिळमध्ये विचारलं.

मला वाटलं, चुकून. पण नित्याशीही तमिळ, फोनवर सौम्याशीही तमिळ. तमिळ तिची उत्तम आहे. पण ती तमिळ बाजारातली, दूधवाल्याशी बोलायची. तिच्यात ती कामापुरतीच बोलते. घर अर्धं बंद केल्यासारखं झालं. सौम्यानं मला फोन करून विचारलं, अज्जी रागावली का. लग्न तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, होतं. तोवर अज्जीकडून मराठी पक्की करून घ्यायची असं तिनं ठरवलं होतं. राग नव्हता तो. रागात माणूस भांडी आपटतो. वैनी भांडी फार हळू ठेवत होती.

एका दुपारी ती तिण्णैवर येऊन बसली. तमिळमध्येच विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

मी हो म्हणालो. खोकी पाहिली होती, आणि तुम्हालाही ठाऊक असेल असं धरून चाललो होतो, एवढं सांगितलं.

मग तिनं माहेरची गोष्ट सांगितली. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी ती दिवाळीला पापनाशमला गेली होती. तिची आई शेषम्मा मुरुक्कू करत होती. आई म्हणाली, सोऱ्या दे. वैनीनं आईला सुधारलं. शेजारणींसमोर सांगितलं, सोऱ्या नव्हे, तंजावुरात फिकस म्हणतात, तो खरा शब्द. आईनं वाद घातला नाही. पुढं मरेपर्यंत ती फिकसच म्हणायची, आणि वैनी आली की जरा मोठ्यानं म्हणायची. बरोबर आहे ना, असं बघायची.

"खरा शब्द आईपाशी होता," वैनी म्हणाली. हे मात्र मराठीत म्हणाली. मग पुन्हा तमिळमध्ये गेली.

तिला डाचत होतं ते वेगळंच. ह्यांना ठाऊक होतं, ती म्हणाली. शब्द दुकानातला आहे आणि मी तो घरातला समजते, हे ह्यांना दिसत नव्हतं असं कसं होईल? दुकानात चहा पिताना सांगत असतील. खेड्यातली बायको मिळालीय, खोक्यावरचा शब्द घेते आणि म्हणते मराठी आहे. हसत असतील सगळे. साठ वर्षं.

मी नाही म्हणालो नाही. अण्णा घरात कमी हसायचा. पण माणूस घरात एक आणि कामावर एक असू शकतो. मी दुकानात कधी दिवस काढला नव्हता. जे पाहिलं नाही त्याची ग्वाही देऊ नये.

ती म्हणाली, दुकानात मला न्या. हसले असतील तर तिथंच हसले असतील.

त्या दुकानात तिनं आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. नुसतं कसं जायचं, म्हणून अण्णाचा जुना कॅमेरा बरोबर घेतला. लग्नाआधी साफ करून घेऊ, असं निमित्त. ऑटोनं गेलो. दुकानाच्या पुढच्या भागात आता मोबाईलची कव्हरं लटकतात आणि पासपोर्टचे फोटो निघतात. मागं जुनं कपाट आणि लाकडी टेबल तसंच आहे. टेबलाशी गोपालकृष्ण बसतो. तो तमिळ, अण्णाच्या हाताखाली तरुणपणी लागला होता, आता स्वतःच सत्तरीचा. वैनी कोण ते मी सांगितलं, तेव्हा तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसली आणि तिला बसवलं.

वैनीनं काही विचारलं नाही. कॅमेरा पुढं ठेवला. ती वाट बघत होती, तो अण्णाबद्दल काय बोलतो त्याची. मीही.

गोपालकृष्णानं भिंग सोडवलं. घाई नाही, जोर नाही. चांगला हात. मग खण उघडला, आत चाचपडला आणि स्वतःशीच तमिळमध्ये म्हणाला, फुंगणी कुठं गेली.

वैनीनं मान वर केली.

त्यानं दुसरा खण उघडला. लाल रबरी फुगा निघाला, पुढं बारीक नळी. तो दाबून त्यानं भिंगावरची धूळ उडवली. मग टेबलाच्या कडेचं कापडाचं कडं पुढं ओढलं, आणि भिंग उपडं करून त्यावर अलगद बसवलं. गोल काच, पण हलली नाही. कडं मळून काळं झालं होतं. पट्टी पिळलेली, शेपूट आत खोचलेलं.

वैनीनं विचारलं, हे काय आहे?

तो म्हणाला, सुंबळ. काच टेबलाला लागू नये म्हणून. जुनं झालं की नवं करतो. सेतुराम सारनी शिकवलं, शेपूट आत घ्यायचं, नाहीतर सुटतं.

आणि तो फुगा?

"ती फुंगणी, अम्मा. कंपनीचं नाव आहे. सारच्या वेळी सगळ्या वस्तूंना अशीच नावं होती. फिकस, फिल्का, फुंगणी, सुंबळ. जर्मन शब्द."

वैनीनं विचारलं, हे जर्मन आहेत असं कुणी सांगितलं? गोपालकृष्ण विचारात पडला. कुणी सांगितलं नाही, म्हणाला. सारच्या तोंडून एकेक नाव यायचं, आम्ही घ्यायचो. तमिळ नव्हतं, इंग्रजी नव्हतं, म्हणजे जर्मन असणार. आता ते दुसऱ्या दुकानांतही म्हणतात. तिरुच्चीला त्याचा मेहुणा कॅमेरे दुरुस्त करतो, त्याच्याकडेही फुंगणीच आहे.

सार कधी म्हणाले नाहीत, हा शब्द कुठला? वैनीनं विचारलं.

नाही, तो म्हणाला. सार फार बोलायचे नाहीत. वस्तू लागली की नाव घ्यायचे.

दुकानात कुणी हसायचं का, हे विचारायला ती आली होती. ते तिनं विचारलं नाही. फक्त हात पुढं करून कडं उचललं, भिंग बाजूला ठेवायला लावून. पीळ उलगडून पाहिला. पीळ डावीकडे होता. आमच्याकडच्या बायका उजवीकडे पिळतात. वैनी डावीकडे पिळते, कारण तिच्या आईचा डावा हात चालायचा. हे मला त्या दिवशी तिनं सांगितलं, परतीच्या ऑटोत. मराठीत सांगितलं.

"आईची चुंबळ आहे ती, भावोजी," ती म्हणाली. "आणि फुंकणीही आईच्याच चुलीची."

मी बरं म्हणालो. ऑटो मोठ्या कोविलाला, म्हणजे देवळाला, वळसा घालून गल्लीकडे आला. तेव्हा ती एकदम म्हणाली, "त्या गोपालकृष्णाला सांगू नका हं. राहू दे त्याचं जर्मन."

मी नंतर विचार केला. अण्णानं बायकोला दुकानातलं दिलं, दुकानाला बायकोचं दिलं, आणि दोन्हीकडे कुठून आणलं ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याला वाटलंच नसणार. कामाला हात लावला की त्या कामाचं जे नाव जवळ असेल ते तोंडात येतं. तो हसत नव्हता, एवढं मला आता सांगता येतं, कारण हसणारा माणूस दोन्हीकडे हसला असता. पण शेषम्माला जे सोडायला लावलं ते परत येत नाही, आणि वैनीला ते कळतं. त्या वर्षी माहेरच्या गावी आईच्या तिथीला ती गेली. काय बोलली, कुणाशी बोलली, मी विचारलं नाही.

सौम्याला तिनं फोन केला, मराठीत. तासभर. लग्न झालं. जाताना पितळी साचा सौम्याला द्यायचा असं ठरलं होतं, पण वैनीनं दिला नाही. नवा घे, म्हणाली, हा माझ्या हाताचा आहे.

परवा ती तो घासत होती. चिंच लावून, आतल्या कडेला बोट घालून. मी परसात होतो. तिनं हाक मारली.

"भावोजी, सोऱ्याची चकती ढिली झालीय." मग थोडं थांबून, साचा माझ्याकडे धरत, "फिकसची."

ती चकती मीच कधीतरी करून दिलेली होती. तिची कड झिजली होती. कडेला पातळ पत्र्याची पट्टी बसवली, दाबून पाहिलं. वैनीनंही दाबून पाहिलं, खांद्यातून. हलली नाही.